भविष्यकाळातील मारधाडपट आणि त्यांतला अनाहूत विनोद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका घरी आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो आणि भविष्यकाळात घडणारा एखादा जुना मारधाडपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता पाहतो. हे चित्रपट ज्यांनी काढले त्यांनी ते अत्यंत गांभीर्याने काढले होते, आणि पाहणाऱ्यांची मात्र हसून मुरकुंडी वळते. या हसण्याविषयी आम्हाला सतत प्रश्न येतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अनाहूत विनोद म्हणजे नेमके काय? विनोदी चित्रपटातल्या विनोदापेक्षा तो वेगळा कसा?

विनोदी चित्रपटात हशा कोठे पिकायचा, हे लेखकाने आणि दिग्दर्शकाने आधीच ठरवलेले असते. नट त्या जागेसाठी थांबतो, संकलक तेथे दोन क्षण मोकळे ठेवतो आणि प्रेक्षक त्या आमंत्रणाला मान देतो. अनाहूत विनोदाला असे आमंत्रण नसते. चित्रपटाने आपल्याकडून भय, आवेश किंवा डोळ्यांत पाणी मागितलेले असते आणि त्याच जागी आपल्याला हसू फुटते. नट थांबलेला नसल्यामुळे आपल्या हशात त्याचे पुढचे वाक्य बुडून जाते. हा विनोद ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हीच आहे.

२. कौटुंबिक चित्रपट फसला तर कंटाळा येतो, पण भविष्यकाळातला मारधाडपट फसला तर हसू येते. असे का होते?

कौटुंबिक चित्रपटातले जग आधीपासून उभेच असते. स्वयंपाकघरातला ओटा, दाराची कडी, रुग्णालयाचा व्हरांडा आपल्या ओळखीचे असतात, त्यामुळे अभिनय फसला तरी ओटा फसत नाही. भविष्यपटाला मात्र सगळे नव्याने मांडावे लागते. दारे कशी उघडतात, लोक काय खातात, पोलिसांच्या डोक्यावर काय असते, गुन्हेगाराला शिक्षा कोण सुनावतो, अशी प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक रीत हा चित्रपटाने केलेला एक स्वतंत्र दावा असतो. शंभर दाव्यांपैकी दहा जरी लंगडे निघाले, तरी ते पडद्यावर डोळ्यांसमोर लंगडतात.

त्यातच हा मारधाडपट असल्यामुळे गांभीर्याची पट्टी कमालीची चढलेली असते. येथे कोणी घर वाचवत नाही, मानवजात वाचवतो. संवाद मानवजातीला शोभेल असे असतात आणि हातातली बंदूक मात्र केस वाळवण्याच्या यंत्राला नळी जोडून रंगवलेली असते. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण या प्रकाराला जशी लागू पडते तशी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. कथलाचा वाळा मुळात हास्यास्पद नसतो. सोनूबाई हे नाव ऐकल्यानंतर तो दिसतो, म्हणून हसू येते.

३. आपल्या परंपरेत या प्रकाराचे काही स्पष्टीकरण आहे का, की हे सगळे पाश्चात्त्य टीकाकारांकडूनच घ्यायचे?

आहे, आणि माझ्या मते ते अधिक नेमके आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आहे. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने तिचा विस्तार केला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा आभास, म्हणजे रस असल्याचे नुसते भासणे, हास्याला जन्म देतो आणि त्या आभासाच्या मुळाशी अनौचित्य, म्हणजे प्रसंगाला न शोभणारी गोष्ट, असते. त्याच्या आधीच्या आनंदवर्धनाने अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही, असे बजावून ठेवले होते.

हे दोन विचार शेजारी ठेवले की मागच्या प्रश्नाचे उत्तर आणखी स्पष्ट होते. रसभंग झाला की प्रेक्षक उठून बाहेर जातो, तर रसाभास झाला की तो खुर्चीत बसून हसतो. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव, उत्साह आहे. नायकाचा उत्साह पूर्ण आहे, छाती पुढे आहे, आवाज चढलेला आहे, पण ज्याच्यावर तो धावून जातो आहे तो शत्रू रबराचा आहे आणि त्याच्या मानेपाशी रबराची घडी दिसते. उत्साह खरा आणि त्याचा विषय अनुचित असल्यामुळे येथे वीररसाचा आभास उरतो आणि त्या आभासातून हास्य उपजते. नायकाने अर्ध्या मनाने काम केले असते तर उत्साहच उरला नसता आणि आपल्याला फक्त जांभई आली असती. म्हणून अनाहूत विनोदासाठी नटाचा प्रामाणिकपणा ही पहिली अट आहे. हा मुद्दा पुढील अनेक उत्तरांत उपयोगी पडेल.

४. नव्याने सुरुवात करायची असेल तर कोणता चित्रपट पाहावा?

आमच्याकडे नव्या सदस्याला सहसा ‘स्पेस म्युटिनी’ दाखवतात. १९८८ चा हा चित्रपट दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाला. माणसांच्या पिढ्या ज्यात जन्मल्या आणि वाढल्या अशा एका प्रचंड अंतराळयानावर बंड होते आणि एक धिप्पाड वैमानिक ते मोडून काढतो, एवढीच कथा आहे. यान बाहेरून दिसते तेव्हा डोळे दिपतात, कारण बाहेरची दृश्ये १९७८ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दूरचित्रवाणी मालिकेतून घेतलेली आहेत. यानाच्या आत गेल्यावर मात्र विटांच्या भिंती, लोखंडी जिने, जाडजूड पाइप आणि खिडक्यांतून येणारे दिवसाउजेडीचे ऊन दिसते. ताऱ्यांच्या मधोमध चाललेल्या यानात हे ऊन येते.

आमचे एक ज्येष्ठ सदस्य सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. यानाच्या तळघरातला पाठलाग सुरू झाला तसे ते खुर्चीत पुढे सरकून बसले. बाकीच्यांना अंतराळयान दिसत होते, तेव्हा त्यांना शेड दिसत होती. गोळी लागलेला एकामागून एक माणूस कठड्यावरून ओरडत खाली कोसळत होता, आणि हे कठडे त्या चित्रपटात किती बळी घेतात याची गणती ठेवणे अवघड आहे. चौथा की पाचवा माणूस पडला तेव्हा ते अगदी मनापासून, काळजीच्या स्वरात म्हणाले, “अहो, या लोकांनी आधी कठड्याची उंची वाढवायला पाहिजे.” त्यानंतर पाच मिनिटे आम्हाला काही ऐकू आले नाही.

याच चित्रपटात खलनायक एका स्त्री अधिकाऱ्याचा खून करतो आणि पुढच्या एका प्रसंगात ती नियंत्रणकक्षातल्या आपल्या जागेवर बसून शांतपणे काम करताना दिसते. संकलनातली ही चूक पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या लक्षात येईलच असे नाही. पुन्हा पाहताना ती दिसली की आनंद दुप्पट होतो. शिवाय छोट्या विद्युतगाड्यांवरचे पाठलाग आहेत. त्या गाड्यांचा वेग इतका बेताचा आहे की धावणारा माणूस सहज पुढे निघून जाईल, पण चालकांच्या चेहऱ्यावरचा त्वेष तसूभरही कमी होत नाही. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला प्रामाणिकपणा तो हाच.

५. सगळ्या चित्रपटांत चंदेरी कपडे, निळा उजेड आणि जमिनीतून निघणारी वाफ का असते?

वाफ आणि अंधार ही काटकसरीची साधने आहेत. नेपथ्य जेथे संपते तेथे वाफ सोडली की संपल्याचे दिसत नाही, आणि मागून टाकलेला निळा प्रकाश त्या वाफेला आकार देतो, त्यामुळे थोड्या खर्चात खोली मोठी भासते. भविष्यातल्या मारामाऱ्या रात्रीच्या वेळी रिकाम्या गोदामांत होतात, त्याचेही कारण तेच आहे. चकचकीत कापड कमी उजेडातही चमकते आणि आजच्या रोजच्या कपड्यांपेक्षा लगेच वेगळे दिसते.

सरकत्या दारांची गोष्ट मला फार आवडते. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतली आपोआप उघडणारी दारे प्रत्यक्षात नेपथ्यामागे उभे राहिलेले कामगार दोरीने ओढत असत. कामगाराला इशारा उशिरा मिळाला की नट दारावर आपटे, आणि असे फसलेले प्रसंग आजही आवडीने पाहिले जातात. ज्या मारधाडपटांकडे दुसऱ्यांदा चित्रित करण्याएवढे पैसे नव्हते, त्यांत दारासमोरचे ते क्षणभराचे अडखळणे तसेच राहून गेले आहे. पुढच्या वेळी नायक दाराजवळ पोहोचताना त्याच्या पावलांकडे पाहावे.

केशरचनेबद्दल एक वाक्य पुरे. कपडे कोणत्याही शतकातले असले तरी केस नेहमी चित्रपट बनला त्याच वर्षातले असतात.

६. चित्रपटातले ‘भविष्य’ मागे पडले की तो आपोआप विनोदी होतो का?

होत नाही. १९८१ च्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’मध्ये १९९७ सालचे मॅनहॅटन बेट तुरुंग झालेले आहे, आणि १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये नोव्हेंबर २०१९ चे लॉस एंजेलिस आहे. दोन्ही वर्षे उलटून गेली तरी या चित्रपटांवर कोणी तारखेमुळे हसत नाही. तारीख ही कथेची पार्श्वभूमी असते, आणि पार्श्वभूमी जुनी झाल्याने रस बिघडत नाही.

एखादी विशिष्ट संख्या किंवा वस्तू जिवाच्या आकांताने मांडली जाते आणि आजच्या प्रेक्षकाच्या खिशात तिच्याहून मोठी वस्तू असते, तेव्हा मात्र हसू येते. १९९५ च्या ‘जॉनी नेमॉनिक’ची कथा २०२१ मध्ये घडते. नायक आपल्या मेंदूत बसवलेल्या यंत्रात गुप्त माहिती भरून तिची ने-आण करतो. त्याची क्षमता ८० गिगाबाइट आहे, ती तो १६० पर्यंत वाढवतो आणि लोभापायी ३२० गिगाबाइट भरून घेतो. हा बोजा डोक्यातून वेळेत उतरला नाही तर त्याचा मृत्यू अटळ आहे. ३२० हा आकडा येतो त्या क्षणी आमच्याकडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने स्वतःचा फोन उचलून त्याची पाठ पाहिली. नखाएवढ्या कार्डात आज त्याच्या तिप्पट माहिती मावते.

पण येथे लेखकाला दोष देऊन चालणार नाही. १९९५ साली घरगुती संगणकाची डिस्क साधारण एक गिगाबाइटच्या आसपास असे. त्या हिशेबाने ३२० हा आकडा बेफाम होता. चूक झाली ती दिशेची नसून वेगाच्या अंदाजाची आहे.

त्याच चित्रपटात सर्व बाजूंनी संकटात सापडलेला नायक कचऱ्याच्या ढिगाऱ्यात उभा राहून आकाशाकडे पाहत आक्रोश करतो. आपल्याला हॉटेलातली सेवा हवी, सँडविच हवे, थंड बिअर हवी आणि टोकियोच्या एका हॉटेलात धुतात तसे शर्ट धुऊन हवेत, असे तो ओरडून सांगतो. या प्रसंगातून माणसाचा एकाकीपणा दाखवायचा होता, आणि मला तो आजही दिसतो. तरीही ‘शर्ट’ हा शब्द आला की खोलीतला एकही माणूस तग धरत नाही.

या चित्रपटात एक जागा अशी आहे की तेथे हसू थांबते. त्यातल्या २०२१ च्या जगाला एका असाध्य रोगाने ग्रासलेले आहे आणि उपचाराची माहिती एका औषध कंपनीने दडवून ठेवलेली आहे. खरे २०२१ आपण सगळ्यांनी अनुभवले. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. ज्ञात विज्ञानाचे बोट धरून कल्पनेचे पाऊल टाकणारा लेखक एकीकडे आणि दहा पावलांची उडी घेऊन धडपडणारा हा चित्रपट दुसरीकडे, अशी तुलना तेव्हा माझ्या मनात आली होती. पण रोगाच्या बाबतीत धडपडणाऱ्याचाही अंदाज खरा ठरला, हे मान्य करावे लागते.

७. विज्ञानाच्या चुका म्हणजेच विनोद, असे समजायचे का?

नाही. निर्वात पोकळीत आवाज पोहोचत नाही, आणि प्रकाशकिरण सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तो पाहून खाली वाकणे कोणालाही शक्य नाही. तरीही अवकाशातले धमाके आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि लेझरचे वार चुकवणारे नायक पाहत आलो आहोत. हे संकेत झाले आहेत, आणि संकेतावर कोणी हसत नाही. चित्रपट स्वतःच्याच नियमाच्या विरुद्ध वागतो तेव्हा हसू येते. पहिल्या अर्ध्या तासात पोलाद वितळवणारी बंदूक शेवटच्या मारामारीत नायकाचे जाकीटसुद्धा जाळू शकत नसेल, तर तो आभास आहे.

८. भरपूर पैसा आणि नावाजलेले कलावंत असतील तर हे टळते का?

टळत नाही, उलट मोठा पैसा आभास मोठा करतो. २००० सालचा ‘बॅटलफील्ड अर्थ’ त्याची साक्ष देईल. जॉन ट्रॅव्होल्टासारखा तारा त्यात होता आणि दिग्दर्शक रॉजर ख्रिश्चन हे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या नेपथ्यसजावटीसाठी ऑस्कर मिळवलेल्या चमूतले होते. म्हणजे चित्रपटाचे जग उभे कसे करायचे हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते.

इसवी सन ३००० मध्ये माणूस गुहेत राहतो आहे आणि परग्रहावरचे उंच, जटाधारी जेते त्याला राबवत आहेत. गुहेतली ही माणसे हजार वर्षे पडून राहिलेली लढाऊ विमाने शोधून काढतात आणि थोड्याशा सरावावर ती उडवतात. विमानांच्या इंधनाचे आणि रबरी भागांचे एक हजार वर्षांत काय होते, हा प्रश्न त्या चित्रपटात कोणालाही पडत नाही. शिवाय जवळजवळ प्रत्येक चौकटीत कॅमेरा तिरपा धरलेला आहे. अशी तिरपी चौकट एखाद्या अस्वस्थ क्षणी परिणाम करते, पण ती दोन तास तशीच राहिली की प्रेक्षकाची मान आपोआप एका बाजूला कलते. आमच्याकडे चित्रपट संपला तेव्हा सगळ्यांच्या माना डावीकडे होत्या हे मी स्वतः पाहिले आहे.

या चित्रपटाच्या पटकथाकारांपैकी एक असलेले जे. डी. शापिरो यांनी दशकातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी (वाईट चित्रपटांना थट्टेने दिला जाणारा पुरस्कार) २०१० साली स्वतः उपस्थित राहून स्वीकारला आणि प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

९. हिंदीत डब केलेली आवृत्ती पाहावी की मूळ इंग्रजी?

पहिल्यांदा मूळ पाहावी. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि त्यानंतर डब केलेल्या चित्रपटांचा ओघ सुरू झाला. आमच्या पिढीने केबलवर हे मारधाडपट हिंदीतूनच पाहिले, त्यामुळे त्या आवाजांशी आमचा जिव्हाळा आहे. तरी डबिंगचा विनोद ही निराळी गोष्ट आहे. ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवण्यासाठी संवादलेखकाला वाक्य ताणावे किंवा चेपावे लागते, आणि काही वेळा त्याने मुद्दाम चुरचुरीत भर घातलेली असते. अशी भर हा हेतुपुरस्सर विनोद होय. दोन्ही एकदम पाहिल्यास कोणते हसू कोणाच्या खात्यात जमा करायचे, हे कळत नाही. दुसऱ्यांदा हिंदी आवृत्ती जरूर पाहावी.

१०. एकट्याने पाहिले तर हसू येत नाही, सगळ्यांबरोबर येते. माझे काही चुकते आहे का?

काही चुकत नाही. एकटा माणूस पडद्यावरच्या विसंगतीची नोंद घेतो, आणि शेजारच्यानेही ती टिपली आहे हे कळल्यावर नोंदीचे हसू होते. नाशिकला अशोकस्तंभाकडच्या किंवा मेन रोडच्या एकपडदा चित्रपटगृहांत ज्यांनी पहिल्या दिवसाचा खेळ पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आम्ही एक पथ्य कसोशीने पाळतो. चित्रपट चालू असताना कोणी टीकाटिप्पणी करायची नाही. अमेरिकेत १९८८ पासून ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या कार्यक्रमाने अशा चित्रपटांवर सतत शेरे मारण्याची पद्धत रूढ केली, आणि ती करमणूक उत्तमच आहे. पण शेरा मारणाऱ्याचा विनोद चित्रपटाच्या विनोदावर पडदा टाकतो. सातपूरच्या आमच्या काकांचे वाक्य शेरा नव्हते. त्यांना त्या माणसांची खरोखर काळजी वाटली होती.

११. कुणाच्या कष्टांवर हसणे हे क्रूरपणाचे नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो यायलाच हवा. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांचे मानले आहेत. त्यांतल्या उपहसितात नाकपुड्या फुलतात आणि नजर वाकडी होते. आपण कोणत्या प्रकारे हसतो आहोत हे ओळखायला ही जुनी यादी आजही पुरेशी आहे.

ज्या नटाने रबरी राक्षसाशी जीव तोडून झुंज दिली, त्याच्या झुंजीवर हसताना माझी नजर वाकडी होत नाही. त्याने काही राखून ठेवले नाही, हे मला दिसत असते. निष्काळजी, उरकून टाकलेल्या कामावर मला आजवर कधी हसू आलेले नाही. नटाच्या रंगरूपावर, उच्चारांवर किंवा देहयष्टीवर हसणे मात्र आम्ही वर्ज्य मानले आहे. ती त्याची कृती नाही.

१२. मग दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांतील चमत्कारदृश्येही आज अशीच हास्यास्पद म्हणायची का?

नाशिककर म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते. फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे काम नाशिकला चाले आणि १९४४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही येथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या, कारण चित्रपटात काम करायला स्त्रिया मिळत नव्हत्या. सीतेच्या पदराखालून साळुंक्यांचे पिळदार दंड दिसत, असे आवर्जून सांगितले जाते. अनौचित्याची व्याख्या पुस्तकी रीतीने लावली, तर अपहृत सीतेच्या शोकप्रसंगी दिसणारा तो पिळदार दंड म्हणजे करुणरसाचा आभासच ठरला असता. परंतु पडद्यावर राम आला की त्या काळचे प्रेक्षक पायांतल्या चपला काढून ठेवत, असेही सांगितले जाते. दंड त्यांना दिसत नव्हते असे नाही, पण त्यांचा भाव आधीच रामापाशी पोहोचलेला होता आणि पडद्याने तो जागा करण्यापुरतेच काम करायचे होते. मारधाडपटाच्या अंतराळवीराला अशी पुण्याई मिळत नाही. त्याला दीड तासात सारा भाव शून्यातून उभा करायचा असतो.

म्हणून ‘लंकादहन’ आणि ‘स्पेस म्युटिनी’ यांना एकाच मापाने मोजू नये. दोहोंत कष्ट तेवढेच प्रामाणिक आहेत, प्रेक्षक मात्र वेगळे आहेत.

१३. रजनीकांतच्या ‘एंदिरन’सारखे चित्रपट या प्रकारात बसतात का?

बसत नाहीत. २०१० च्या या चित्रपटातल्या यंत्रमानवांच्या झुंडी एकत्र येऊन बंदुकांचा गोळा होतात, अजस्र साप होतात. ती दृश्ये कथेपासून तोडून जगभर गंमत म्हणून फिरवली गेली. पण येथे चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक यांच्यात अतिशयोक्तीचा करार झालेला आहे. आपण अतिशय करतो आहोत हे पडद्याला ठाऊक आहे आणि प्रेक्षक त्यासाठीच आलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत बोहाडा होतो. देवदानवांचे मोठमोठे रंगीत मुखवटे चढवून सोंगे रात्रभर वाजतगाजत नाचतात. मुखवट्याच्या कडा दिसतात, बांधलेले फडके दिसते, पण कोणी त्या कडेवर हसत नाही, कारण बोहाडा आपला मुखवटा लपवत नाही. प्रश्न ३ मधल्या रबरी शत्रूच्या मानेवरची घडी हास्यास्पद होते ती चित्रपटाने ती नाहीच असे शपथेवर सांगितले म्हणून.

१४. हल्ली मुद्दाम वाईट बनवलेले चित्रपट येतात. तेही आपल्या यादीत आहेत का?

नाहीत. अमेरिकन लेखिका सुसान सोनटॅग यांनी १९६४ च्या आपल्या निबंधात ‘कॅम्प’चा, म्हणजे अतिरंजिततेत रस घेणाऱ्या अभिरुचीचा, विचार करताना नकळत घडलेला आणि ठरवून केलेला असा भेद करून नकळत घडलेल्याला वरचे स्थान दिले होते. आमचा अनुभवही तोच आहे. मुद्दाम केलेल्या चुकीत नटाच्या डोळ्यांत मिश्कील छटा येते, आणि ती आली की उत्साह संपतो, मग आभास कशाचा उरणार?

याच्या उलट बाजूचा गोंधळही होतो. १९९३ च्या ‘डेमॉलिशन मॅन’वर अनेक जण अनाहूत विनोद म्हणून हसतात. २०३२ सालच्या स्वच्छतागृहात कागदाऐवजी तीन शिंपले ठेवलेले असतात आणि त्यांचा वापर कसा करायचा हे शेवटपर्यंत कळत नाही. हा विनोद पूर्णपणे हेतुपुरस्सर आहे आणि त्याचे श्रेय लेखकांना द्यायला हवे. शंका आल्यास प्रश्न १ मधली खूण वापरावी: हशासाठी नट थांबतो का ते पाहावे.

१५. मुलांना बरोबर आणले तर चालेल का?

चित्रपटाचे प्रमाणपत्र पाहून ठरवावे. २०२४ च्या नियमांपासून यूए प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले आहेत. जुन्या मारधाडपटांत रक्तपात बराच असतो. शिवाय लहान मुले सहसा हसत नाहीत, त्यांना राक्षस खरा वाटतो. त्यांचा तो काळ आपण घाईने संपवू नये.

१६. असाच एक चित्रपट माझा लहानपणापासून अतिशय आवडता आहे. बाकीचे हसू लागले की मला वाईट वाटते. मी काय करावे?

हा प्रश्न लिहिणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच उत्तर देतो: तो चित्रपट घेऊन या. ज्याने चित्रपट निवडला आहे त्याला आमच्याकडे पुढची खुर्ची मिळते आणि खेळ सुरू होण्यापूर्वी तो आपल्याला का आवडतो हे सांगण्यासाठी दहा मिनिटे मिळतात. गेल्या पावसाळ्यात सिडकोतल्या एका सदस्याने असा एक चित्रपट आणला होता. त्याने सांगितले की वडिलांना सुट्टी असे त्या रविवारी दोघे मिळून तो व्हिडिओ कॅसेटवर पाहत, आणि शेवटी नायक जळत्या शहराकडे पाठ करून चालू लागला की वडील दर वेळी उठून उभे राहत. चित्रपट सुरू झाला, पत्र्याचे चिलखत दिसले, खलनायकाचा खोटा हात निसटला आणि सगळे पोट धरून हसले. तोही हसला. शेवटी शहर पेटले, नायकाने पाठ फिरवली, आणि पुढच्या खुर्चीवरून तो उठून उभा राहिला. त्याच्या मागोमाग आम्हीही उठलो आणि श्रेयनामावली संपेपर्यंत तसेच उभे होतो.